वारसा सांभाळताना – भाग ७ : वडिलांचं रिव्हॉल्व्हर

गेल्या आठवड्यात आपण घरातल्या जुन्या घड्याळांची निगा पाहिली. आजची वस्तू कपाटातून बाहेर काढण्याआधीच तिचे कागद पाहावे लागतात.

वडील गेले की त्यांचा शस्त्रपरवाना आपोआप मुलांच्या नावावर होत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ नुसार, ज्याच्याकडे परवाना नाही त्याने असं हत्यार विनाकारण विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं असतं. विक्रेत्याकडे ठेवलंत तर तेलपाण्याचं आधीच सांगून ठेवता येतं. कुठेही ठेवा, क्रमांकासह पावती घ्या. मग वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करायचा. २०१६ च्या नियमांत वडिलांच्या हयातीतही एक सोय आहे. त्यांनी सत्तरी गाठली असेल किंवा ते हत्यार २५ वर्षं बाळगलं असेल, तर ते वारसाचं नाव सुचवू शकतात. घरोघरी हे वेळेवर व्हायला हवं.

परवाना हातात आला की खरी निगा सुरू होते. जुन्या घरांत बर्मिंगहॅमच्या ‘वेब्ली अँड स्कॉट’चं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर आढळतं, किंवा त्याच धाटणीचं कानपूरच्या कारखान्यातलं. घोड्याजवळचा खटका अंगठ्याने दाबला की ते बिजागरीवर मधोमध उघडतं. नळी सुरक्षित दिशेला धरून ते उघडा, सहाही घरं डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. ‘वर्षानुवर्षं रिकामंच आहे’ या घरच्यांच्या शब्दावर कधीही विसंबू नका.

आता या हत्याराच्या सर्वांत मोठ्या शत्रूकडे वळू. तो म्हणजे वडिलांनी प्रेमाने जपलेलं चामडी होल्स्टर. चामडं हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि ते कमावताना वापरलेली आम्लं व क्षार त्यात उरलेले असतात. कोकणातल्या पावसाळ्यात असं होल्स्टर म्हणजे पोलादाला गुंडाळलेली ओली पट्टीच. म्हणून होल्स्टर वेगळं ठेवा. रिव्हॉल्व्हर तेलाच्या फडक्याने पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कुलूपबंद पोलादी कपाटात ठेवा आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. हाताळून झालं की पुन्हा पुसा, कारण घामातलं मीठही गंज आणतं.

नळीतला गंज बहुधा जुन्या काडतुसांमुळे येतो. त्यांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचा क्षार नळीत उरतो आणि हवेतलं पाणी ओढून घेतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणूनच ब्रिटिश सैन्यात नळीतून उकळतं पाणी ओतण्याची पद्धत होती. त्यानंतर नळी पूर्ण कोरडी करून तेलाचा पातळ हात द्यायचा. तेल पातळच हवं. जाड थर धूळ धरतो, चिकट होतो आणि आतली यंत्रणा अडवतो. खोबरेल तर थंडीत थिजतं. ते इथे चालणारच नाही.

मुठीवरच्या काळ्या पट्ट्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या असतील, तर त्यांना गरम पाणी आणि ऊन लागू देऊ नका. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा पेचकस नसेल, तर आतलं यंत्र उघडू नका. ते काम परवानाधारक कारागिराचं.

आणि सर्वांत कळकळीने सांगायचं ते हे : चकाकी आणण्याच्या मोहात पडू नका. पॉलिश पेपरने वा नव्या निकेलने बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची मोहोर पुसट होते, तिच्यासोबत हत्याराचा क्रमांकही जाऊ शकतो. क्रमांक मिटवणं किंवा बदलणं हा कलम ८ खाली गुन्हा आहे. विटलेला निळसर रंग तसाच राहू द्या. वडिलांच्या हातांनी तो तसा झालेला आहे. आपलं काम एवढंच, की गंज पुढे सरकू नये.

(पुढील आठवड्यात : जुने फोटो आणि अल्बम)