मुरणे आणि वय : सिंगल माल्ट व्हिस्कीची निवड व आस्वादपरीक्षा

मराठीत लोणचे मुरते, मुरंबा मुरतो, आणि एखाद्या विषयात पारंगत झालेल्या मनुष्यासही मुरलेला म्हणण्याची पद्धत आहे. या क्रियापदात काळ अभिप्रेत आहे. परंतु केवळ काळ नव्हे. बरणी कोणती, तिच्यात काय भरले, ती उन्हाळ्यात ठेवली की थंडीत, यांवर मुरण्याचा वेग आणि अखेरीस उतरणारी चव ही दोन्ही अवलंबून असतात. सिंगल माल्ट व्हिस्कीविषयी बोलताना मात्र हे घरगुती शहाणपण सामान्यतः बाजूस पडते. बाटलीवर छापलेला बारा, पंधरा किंवा अठरा वर्षांचा आकडा हाच गुणवत्तेचा निर्देशक मानला जातो आणि तो आकडा नसलेली बाटली कनिष्ठ ठरविली जाते. हा मापदंड स्कॉटलंडच्या हवामानातून आलेला आहे. गोव्यात किंवा बंगळुरात मुरलेल्या व्हिस्कीस तो जसाच्या तसा लावता येतो काय, आणि येत नसल्यास विलेपार्ल्यातील रसिकाने निवड कोणत्या आधारावर करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पदार्थाचे स्वरूप

सातूच्या दाण्यास भिजवून मोड आणावयाचे आणि मोड फार वाढण्यापूर्वी तो वाळवावयाचा, म्हणजे माल्ट तयार होते. नाचणीस मोड आणून, वाळवून, दळून लहान मुलांसाठी पीठ करण्याची रीत ज्या घरांत आहे, तेथे या क्रियेचे तत्त्व निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. अंकुरणाच्या वेळी दाण्यात निर्माण झालेली विकरे पुढे पिष्टाची शर्करा करतात. यीस्टमुळे त्या शर्करेचे किण्वन होऊन मद्यार्क निर्माण होतो. आणि तो द्रव तांब्याच्या भट्टीत, बहुधा दोन वेळा, ऊर्ध्वपातित केला जातो. केवळ मोड आलेल्या सातूपासून केलेली म्हणून ती ‘माल्ट’, आणि एकाच भट्टीगृहातील म्हणून ‘सिंगल’. एकाच पिंपातील, असा ‘सिंगल’ या शब्दाचा अर्थ पुष्कळदा केला जातो, तो बरोबर नाही. एका भट्टीगृहातील अनेक पिंपांचे मिश्रण हेही सिंगल माल्टच होय.

काजूच्या बोंडांपासून फेणी काढणाऱ्या गोव्यातील भट्टीचे तत्त्वही याहून फारसे भिन्न नाही. भेद पडतो तो ऊर्ध्वपातनानंतर. फेणी परंपरेने लाकडात मुरविली जात नाही. व्हिस्की मात्र ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे ठेवली जाते. भट्टीतून उतरलेला अर्क पाण्यासारखा रंगहीन असतो. त्यास वर्ण येतो तो लाकडामुळे, आणि गंधाचाही मोठा भाग तेथूनच येतो.

पीप आणि हवामान

पिंपात एकाच वेळी तीन क्रिया चालू असतात. पहिली निष्कर्षणाची : तापमान वाढले की द्रव प्रसरण पावून लाकडाच्या रंध्रांत शिरतो, उतरले की मागे येतो, आणि येताना लाकडातील द्रव्ये घेऊन येतो. दुसरी क्रिया रासायनिक रूपांतराची : रंध्रांतून येणाऱ्या प्राणवायूच्या साहाय्याने घटकांचे मंद ऑक्सिडीकरण होते आणि आम्ले व मद्यार्क यांच्या संयोगातून सुगंधी एस्टरे बनतात. तिसरी क्रिया बाष्पीभवनाची. पिंपातून उडून जाणाऱ्या या अंशास स्कॉटिश कारागीर देवदूतांचा वाटा म्हणतात.

स्कॉटलंडमध्ये हा वाटा वर्षास सुमारे दोन टक्के धरला जातो. गोव्यात तो सुमारे आठ टक्के आणि बंगळुरात दहा ते बारा टक्के सांगितला जातो. या आकड्यांचा अर्थ साध्या गणिताने स्पष्ट होतो. २०० लिटरच्या पिंपात बारा वर्षांनंतर स्कॉटलंडमध्ये सुमारे १५७ लिटर द्रव उरेल. गोव्यात पाच वर्षांतच तो १३२ लिटरांवर येईल आणि बारा वर्षांनंतर जेमतेम ७४ लिटर शिल्लक राहील. म्हणजे उष्ण प्रदेशात दीर्घकाळ मुरविणे हे मुळातच अत्यंत खर्चिक ठरते. शिवाय निष्कर्षण वेगाने होत असल्यामुळे अधिक काळ ठेवलेल्या अर्कावर लाकडाचा कडवटपणा व तुरटपणा कुरघोडी करण्याचा धोका असतो.

येथे एका सोप्या परंतु फसव्या समीकरणापासून सावध राहिले पाहिजे. ‘गोव्यातील एक वर्ष म्हणजे स्कॉटलंडमधील तीन वर्षे’ अशा प्रकारची विधाने वारंवार ऐकू येतात. वरील तीन क्रिया उष्णतेने सारख्या प्रमाणात वेगवान होत नाहीत. निष्कर्षण चटकन उरकते. मंद रूपांतरास मात्र काळ हवाच असतो. त्यामुळे उष्ण प्रदेशातील पाच वर्षांची व्हिस्की ही थंड प्रदेशातील पंधरा वर्षांच्या व्हिस्कीची प्रतिकृती नसते. ती निराळ्या जातीची वस्तू असते. लाकडाचे गुण तिच्यात लवकर व ठळकपणे उतरलेले असतात, आणि दीर्घ विश्रांतीतून येणारी काही सूक्ष्म लक्षणे तिच्यात कमी आढळतात. दोहोंची तुलना करावी. एकीच्या मापाने दुसरीस मोजू नये.

भारतीय सिंगल माल्टचा उदय

हा भेद केवळ तात्त्विक नाही, हे गेल्या काही दशकांतील घडामोडींवरून दिसून येते. राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ साली बंगळुरात स्थापिलेल्या अमृत या कंपनीने आपली सिंगल माल्ट २००४ साली प्रथम विक्रीस मांडली, ती भारतात नव्हे, तर ग्लासगो येथे. भारतीय सातू आणि पीटच्या धुरात वाळविलेला स्कॉटिश सातू यांच्या संयोगातून झालेल्या तिच्या ‘फ्यूजन’ या व्हिस्कीस जिम मरे यांनी आपल्या २०१० च्या वार्षिक ग्रंथात जगातील तिसरे स्थान दिले. २०१२ साली दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळी येथे तयार होणारी पॉल जॉन ही व्हिस्की लंडनमध्ये सादर झाली. पुढे महाराष्ट्रातही, नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी येथे, पेर्नो रिकार कंपनीने ‘लाँजिट्यूड ७७’ ही सिंगल माल्ट २०२२ साली आणली. यांतील बहुतेक बाटल्यांवर वयाचा आकडा नसतो. तो नसणे हे लपवाछपवीचे चिन्ह असेलच असे नाही. छापील वय हे मिश्रणातील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे असते, आणि चार-पाच वर्षांचा आकडा बारा-अठरांच्या शेजारी अकारण हिणकस दिसतो, एवढेच त्याचे कारण असू शकते.

निवडीच्या कसोट्या

वय हा आधार दुर्बल ठरला, म्हणजे बाटलीवरील इतर माहितीकडे वळावे लागते. त्यांत पहिली बाब पिंपाची. अमेरिकेत बूर्बन व्हिस्कीसाठी आतून जाळलेले नवे ओकचे पीपच वापरावे लागते. म्हणून तेथील एकदा वापरलेली पिंपे जगभर विकली जातात. त्यांतून व्हॅनिला व खोबरे यांच्या जातीचे गंध येतात. शेरी या स्पॅनिश मद्याच्या पिंपांतून मनुका, खजूर, अंजीर यांची आठवण करून देणारी लक्षणे उतरतात. दुसरी बाब तीव्रतेची. ४६ टक्के वा त्याहून अधिक तीव्रतेची व्हिस्की थंड करून गाळण्याची सहसा गरज पडत नाही. त्याहून सौम्य व्हिस्की थंडीत वा पाण्याने गढूळ दिसू नये म्हणून तशी गाळली जाते, आणि त्यात काही स्निग्ध घटक निघून जातात. तिसरी बाब पीटची, म्हणजे सातू वाळविताना दलदलीतील त्या इंधनाचा धूर दिला होता की नाही याची.

वर्णावरून निष्कर्ष काढणे टाळावे. स्कॉचमध्ये साध्या कॅरमेलने रंग गडद करण्यास कायद्याची मुभा आहे. किंमतही फसवी असते, कारण मुंबईत आयात बाटलीच्या किमतीत सीमाशुल्क व राज्याचे कर यांचा मोठा भाग असतो.

प्रारंभिक अभ्यासासाठी एकाच भट्टीगृहातील भिन्न व्हिस्की घेणे सर्वांत बोधप्रद ठरते. पॉल जॉनच्या ‘ब्रिलियन्स’, ‘एडिटेड’ आणि ‘बोल्ड’ या तिन्ही ४६ टक्के तीव्रतेच्या आहेत. पहिलीत पीटचा धूर नाही, दुसरीत तो अल्प आहे आणि तिसरीत ठळक आहे. तीव्रता व हवामान स्थिर ठेवून मुख्यतः एकच घटक बदलल्यास काय होते, हे त्या क्रमाने चाखले असता ध्यानी येते.

गंधाची परिभाषा

जिव्हेस कळणाऱ्या मूळ चवी मोजक्याच. आपण ज्यास चव म्हणतो तिचा फार मोठा भाग वस्तुतः गंध असतो. म्हणून आस्वादपरीक्षा ही प्रामुख्याने गंधांना नावे देण्याची कला होय. येथे मराठी रसिकासमोर एक खरी अडचण उभी राहते. प्रचलित परिभाषा स्कॉटिश माळरान आणि इंग्रजी स्वयंपाकघर यांतून आली आहे. ज्याने हेदरचे फूल कधी हुंगले नाही, त्याने व्हिस्कीत हेदर आढळल्याचे सांगणे म्हणजे पाठांतर होय, परीक्षा नव्हे.

उसन्या नावांची गरजही नाही, कारण गंधद्रव्ये सर्वत्र तीच असतात. ओकमधून येणारे युजेनॉल हेच लवंगेच्या तेलाचे मुख्य घटकद्रव्य आहे. ओकमधील लॅक्टोनांचा वास खोबऱ्यासारखा असतो. किण्वनात निर्माण होणाऱ्या आयसोअ‍ॅमिल अ‍ॅसिटेटमुळे पिकलेल्या केळ्याचा भास होतो. पीटच्या धुरातील ग्वायाकॉल लाकडाच्या धुरातही असते. ज्याने चुलीवरचे जेवण जेवले आहे त्यास ते ओळखीचे असते. स्वतः विलेपार्ल्याजवळही अशी एक गंधस्मृती आहे. १९२९ मध्ये मिठाईच्या उत्पादनाने सुरू झालेला आणि पुढे बिस्किटांसाठी प्रसिद्धीस आलेला येथील पार्ले कारखाना २०१६ साली बंद झाला. तोवर भाजल्या जाणाऱ्या बिस्किटांचा गोडसर वास स्टेशनाच्या परिसरात दरवळत असे. उष्णतेने शर्करा व अमिनो आम्ले यांच्यात होणारी जी प्रक्रिया त्या वासामागे होती, तीच माल्ट वाळविताना घडते. धूर न दिलेल्या व्हिस्कीतील धान्याचा वास ओळखण्यास जुन्या पार्लेकरास याहून चांगली खूण मिळणे कठीण.

परीक्षेची रीत

पेला तळाशी फुगीर व तोंडाशी निमुळता असावा, म्हणजे गंध एकवटतो. प्रत्येक नमुना दहा-पंधरा मिलिलिटरांहून अधिक नको. खोलीत उदबत्ती, अत्तर वा तळणाचा वास नसावा. धुराचे नमुने शेवटी घ्यावेत. प्रथम तोंड किंचित उघडे ठेवून हुंगावे, मग घोटभर तोंडात घोळवावे, आणि मगच थेंबाथेंबाने पाणी घालावे.

पाणी घालणे हा अरसिकपणा नव्हे. व्हिस्कीचे मिश्रण करणारे तज्ज्ञ नमुने सुमारे २० टक्क्यांपर्यंत सौम्य करून हुंगतात. स्वीडनमधील कार्लसन व फ्रीडमन यांनी २०१७ साली संगणकीय प्रतिरूपाद्वारे असे दाखविले की, मद्यार्काचे प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत असता ग्वायाकॉलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतात. ५९ टक्क्यांच्या वर मात्र ते मद्यार्काच्या रेणूंनी वेढले जाऊन आत ओढले जातात. बाटलीतील मूळ तीव्रता अधिक असेल तेव्हा पाण्याचा उपयोग विशेष जाणवतो तो यामुळेच.

आपणास भेद खरोखर कळतो की लेबल पाहून कळल्यासारखा वाटतो, हे तपासण्यासाठी त्रिकोणी परीक्षा उपयुक्त आहे. दुसऱ्या व्यक्तीने तीन पेले भरावेत. दोहोंत एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. परीक्षकाने निराळा पेला ओळखावा. केवळ अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची संभाव्यता एकतृतीयांश असते. सहा वेळांपैकी किमान पाच वेळा अंदाजाने बरोबर येण्याची संभाव्यता ७२९ मध्ये १३, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. बारा वर्षांच्या आणि वय न छापलेल्या व्हिस्कीविषयी ठाम मते बाळगणाऱ्यांनी ही परीक्षा अवश्य द्यावी. सहा वेळा घोट गिळणे मात्र इष्ट नाही. व्यावसायिक परीक्षकांप्रमाणे तो थुंकून टाकावा.

मर्यादा

मद्यसेवनाचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमापासून चालत आलेल्या व्यवस्थेनुसार महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास व सेवन करण्यास परवाना लागतो, आणि व्हिस्कीसारख्या मद्यासाठी वयोमर्यादा पंचवीस वर्षांची आहे. आस्वादपरीक्षेचा अभ्यास या दोन्ही मर्यादांच्या आतच व्हावयास हवा. सुदैवाने तिचा बराचसा भाग नाकाचा असल्याने अल्प प्रमाणात तो पूर्णपणे साधतो.

मराठीतून या विषयाची परिभाषा अद्याप सिद्ध व्हावयाची आहे. कोकणातील आमसूल, देशावरील गुऱ्हाळ, विदर्भातील मोहफूल, मुंबईच्या उपनगरांतील बेकऱ्या यांच्या गंधांची रासायनिक घटकांशी सांगड घालणारा एक गंधकोश तयार झाल्यास तो व्हिस्कीपुरताच नव्हे, तर चहा, कॉफी, आंबा व फेणी यांच्या परीक्षेसही उपयोगी पडेल. त्यासाठी प्रथम नमुना-गंधांची यादी आणि त्रिकोणी परीक्षेने पारखलेल्या परीक्षकांचा एक लहान गट, एवढ्या साधनांवर कार्यास आरंभ करता येईल.