पुराची बोट रस्त्यावर : ट्रेलरच्या सुरक्षित वाहतुकीचे अर्थशास्त्र

शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीतील गाव म्हणून मराठी वाचकाला होसकोटे परिचित आहे. आज ते बंगळूरच्या पूर्वेस, कोलारकडे जाणाऱ्या महामार्गावरील औद्योगिक केंद्र आहे. सप्टेंबर 2022 मध्ये या परिसरापासून फार दूर नसलेल्या यमलूर, बेळ्ळंदूर, सर्जापूर रस्ता या भागांत पाणी शिरले, तेव्हा संगणक कंपन्यांच्या वसाहतींतून रहिवाशांना बोटी आणि ट्रॅक्टर यांच्या साहाय्याने बाहेर काढावे लागले. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवरील शहरात बोटीची गरज भासते, ही बाब आपत्तिनियोजनाच्या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे.

अशा शहरात बोट पाण्यात जितका प्रवास करते, त्याहून कितीतरी अधिक ती रस्त्यावर करते. ऑगस्ट 2018 मध्ये केरळमधील मच्छीमारांनी आपल्या बोटी मालमोटारींवर चढवून अंतर्भागातील पूरग्रस्त गावांत नेल्या आणि हजारो लोकांचे प्राण वाचवले. राज्य शासनाने त्यांना इंधनाव्यतिरिक्त प्रतिबोट दररोज 3,000 रुपये आणि नुकसान झालेल्या बोटींची दुरुस्ती जाहीर केली. खर्चाची ही बाजू आपल्याकडे बहुधा संकटानंतरच लक्षात येते. बोट व मोटर यांची खरेदी भांडवली खर्चात होते, तिचे उद्घाटनही होते. ट्रेलरचे टायर, बेअरिंग, पट्टे आणि चालकाचे प्रशिक्षण मात्र आवर्ती खर्चात मोडतात व तेथेच कात्री लागते.

होसकोट्याहून मारतहळ्ळीकडे एक लहान बोट न्यायची आहे, असे समजू. बोट 250 किलो, आउटबोर्ड मोटर 70, इंधन व साहित्य 30 आणि ट्रेलर 170 किलो, म्हणजे एकूण 520 किलो. यापैकी 5 ते 10 टक्के भार, म्हणजे 26 ते 52 किलो, ओढणाऱ्या वाहनाच्या जोडणीवर पडला पाहिजे. सिमेंटच्या अर्ध्या ते एका गोणीएवढा हा भार साध्या वजनकाट्यावरही मोजता येतो. मोटर बोटीच्या अगदी मागे असल्याने तो सहज कमी होतो आणि वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. उपाय बोट ट्रेलरवर थोडी पुढे सरकवण्याचा आहे. झोके सुरूच झाले तर जोराने ब्रेक न दाबता, सुकाणू सरळ धरून वेग हळूहळू उतरू द्यावा. ट्रॅक्टरने ओढताना आणखी एक अडचण येते. त्याची जोडणी उंच असली की ट्रेलरचे पुढचे टोक वर उचलले जाते आणि भार पुन्हा मागे जातो. ट्रेलर आडवा, समपातळीत राहिला पाहिजे.

बोटीचे पुढचे टोक विंचच्या पट्ट्यावर सोडून भागत नाही. त्याला स्वतंत्र साखळी हवी, आणि मागील बाजू दोन पट्ट्यांनी ट्रेलरच्या सांगाड्याला आवळलेली हवी. वाहन व ट्रेलर यांमधील सुरक्षा-साखळ्या एकमेकींना छेदून बांधतात. जोडणी निसटली तरी पुढचा दांडा त्यांच्या झोळीत अडकतो, रस्त्यात रुतत नाही. मोटर खाली ठेवली तर गतिरोधकावर आपटते. वर उचलून नुसती सोडली तर प्रत्येक खड्ड्याचा हिसका ती बसवलेल्या फळीला बसतो. म्हणून ती उचलून खाली आधाराचा दांडा लावावा. लाइफ जॅकेट, वल्ही, इंधनाची टाकी सुटी राहता कामा नये. दिवे तपासावेत. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या व्याख्येनुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्यामुळे त्याची नोंदणी लागते. अनेक कार्यालयांत ही बाब दुर्लक्षित राहते.

पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत आणि चाकाच्या मध्यभागाजवळ हात नेऊन उष्णता पाहावी. एक चाक दुसऱ्याहून फार तापले असेल तर बेअरिंगमध्ये दोष आहे. तापलेले चाक तसेच पाण्यात उतरवले तर आतील हवा आकुंचन पावून पाणी ओढले जाते व ग्रीस निकामी होते. घाईच्या प्रसंगीही काही मिनिटे थांबणे परवडते. उलट दिशेने नेताना सुकाणूचक्र खालच्या बाजूने धरावे. हात ज्या दिशेला सरकतो, त्याच दिशेला ट्रेलरचे मागचे टोक वळते. शहरातील पुरात उताराचा धक्का नसतो, पाण्याखाली उघडी गटारे आणि दुभाजक असतात. तेथे वाहन कोरड्यावरच उभे करून, पुढे एका माणसाने काठीने तळ चाचपत, बोट हातांनी उतरवणे श्रेयस्कर. तत्पूर्वी तळाच्या छिद्राचे बूच बसवले आहे ना, हे पाहावे. हे बूच विसरल्याने नवी बोटसुद्धा पाण्याने भरू लागते.

या सर्व बाबींचा खर्च बोटीच्या किमतीच्या तुलनेत किरकोळ आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या कालावधीसाठी राज्यांच्या आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीपैकी 10 टक्के वाटा सज्जता व क्षमताबांधणीसाठी सुचवला होता. टायर आणि ग्रीस यांना सज्जतेत स्थान मिळण्यास तत्त्वतः अडचण दिसत नाही. वर्षातील बहुतांश काळ ट्रेलर उभाच असतो आणि उभ्या ट्रेलरचे टायर न झिजताही जुने होतात. देखभालीची नोंदवही त्यामुळे किलोमीटरवर न बेतता महिन्यांवर बेतावी लागते. महाराष्ट्रात मे महिन्यातील तपासणी प्रचलित आहे. बंगळुरात सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस जोरदार असल्याने होसकोट्यासारख्या ठिकाणी दुसरी तपासणी ऑगस्टअखेरीस करावी लागेल.