टी-शर्टवरच्या माणसाचा पिक्चर

हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी असा टी-शर्ट वाळत असतोच! त्यावरचा तो दाढीवाला, टोपीवाला फोटो आल्बेर्तो कोर्डाने १९६० साली हवानात काढला. पण तो माणूस 'चे' होण्याआधी कोण होता, हे बघायचं तर वॉल्टर सॅलेसचा 'द मोटरसायकल डायरीज' (२००४) लावा.

साल १९५२. एर्नेस्तो गव्हेरा २३ वर्षांचा, मेडिकलचा स्टुडंट, वर दम्याचा पेशंट. सोबत २९ वर्षांचा बायोकेमिस्ट मित्र आल्बेर्तो ग्रानादो. ब्यूनोस आयर्सहून दोघं १९३९च्या नॉर्टन ५०० वर निघतात. गाडीचं नाव 'ला पोदेरोसा', म्हणजे बलवान. ही बलवान बाई चिलीतच कायमची बसते! मेकॅनिकलवाल्यांना वाईट वाटेल, पण खरा पिक्चर तिथूनच सुरू होतो. आता पायी चालायचं, लिफ्ट मागायची, म्हणजे लोकांशी बोलणं आलंच.

अताकामाच्या वाळवंटात रात्री त्यांना एक नवरा-बायको भेटतात. कम्युनिस्ट म्हणून जमिनीवरून हाकललेले, चुकिकामाताच्या तांब्याच्या खाणीत काम शोधायला निघालेले. तुम्हीही कामासाठीच फिरताय का, असं ती बाई सहज विचारते. नुसतं फिरायला निघालोय, हे सांगताना एर्नेस्तोचा चेहरा बघा. गेल बर्नालने तिथे काहीच केलेलं नाही, आणि म्हणूनच ते लागतं. सकाळी खाणीचा माणूस मजूर निवडून ट्रकमध्ये भरतो. एर्नेस्तो चिडून ट्रकवर दगड मारतो. खाण तेव्हा ॲनाकोंडा या अमेरिकन कंपनीची होती. १९७१ मध्ये चिलीने तिचं राष्ट्रीयीकरण केलं.

पुढे पेरूतली सान पाब्लो कुष्ठरोग वसाहत. ॲमेझॉनच्या एका काठावर डॉक्टर आणि नन्स, दुसऱ्या काठावर पेशंट. हे दोघं ग्लोव्ह्ज न घालता पेशंटशी हात मिळवतात. प्रार्थनेला आला नाहीत तर जेवण नाही, हा नन्सचा नियम ऐकून कॉन्व्हेंटवाल्या आम्हाला हसूच आलं! वाढदिवसाच्या रात्री एर्नेस्तो पोहत पलीकडे जातो. सीन थोडा फिल्मी आहे, पण दम लागलेला तो पोहताना आपलाही श्वास अडकतो.

माझी तक्रार एकच. पिक्चर १९५२ मध्येच थांबतो. १९५९ मध्ये ला कबान्या किल्ल्याचा प्रमुख हाच माणूस होता, आणि तिथे जुन्या राजवटीच्या लोकांना गोळ्या घातल्या गेल्या. खाणीपाशी दगड उचलणारा मुलगा तिथपर्यंत कसा पोचला, हे पिक्चर सांगत नाही. टी-शर्टही सांगत नाही.

आणि हो, शेवटी लगेच उठू नका. विमानाकडे बघत उभा असलेला तो म्हातारा नट नाही. तो खरा आल्बेर्तो ग्रानादो आहे. २०११ मध्ये तो गेला.