जुनी गाडी तापते कशाने? आधी पाणी कुठे जाते ते शोधा

आठवडी बाजार करणाऱ्या दुकानदाराला गाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. रोहिणखेड हे घाटाच्या पायथ्याचे गाव. येथून माल घेऊन बुलढाण्याला जायचे म्हणजे घाट चढणे आले. मोताळ्याकडून गेले तर राजूरचा घाट आहेच. १४३७ साली याच गावाजवळ बहामनी आणि खानदेशच्या फौजा भिडल्या होत्या. आपली लढाई मे महिन्याच्या उन्हाशी असते. मागच्या सीटवर साड्यांचे गठ्ठे आणि हाताखाली जुनी मारुती ८००. ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली व जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे तिच्यातली सर्वात नवी गाडीही आता जुनीच.

ईदच्या हंगामात माझी गाडी भर घाटात तापली. एका गॅरेजवाल्याने न तपासताच रेडिएटर बदलून दिला. आठ दिवसांनी काटा पुन्हा लाल खुणेवर. खरा दोष पाण्याच्या पंपात होता. तो सापडेपर्यंत इंजिनाचे हेड वाकले आणि एका बाजाराच्या नफ्याहून अधिक रक्कम गेली. हा तजुर्बा महाग पडला, म्हणून लिहितो.

पहिला प्रश्न एकच विचारावा. पाणी कमी होते की पाणी पुरे असूनही गाडी तापते? सकाळी गाडी थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून पातळी पाहावी. केवळ बाटलीकडे पाहून समाधान मानू नये. गरम पाणी फुगून बाटलीत जाते आणि गाडी थंड झाली की परत ओढले जाते. बाटली भरलेली व रेडिएटर रिकामा असे दिसले तर झाकण बिघडले आहे किंवा बाटलीची नळी हवा घेते आहे. झाकण ही किरकोळ वस्तू समजू नका. एक पौंड दाब वाढला की पाणी उकळण्याचा बिंदू सुमारे दीड अंशाने वर जातो. तो दाब झाकणच धरून ठेवते. स्वस्त वस्तू आहे, आधी तीच तपासावी.

पाणी कमी होत असेल तर साड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा रात्री गाडीखाली पसरावा. सकाळी डाग कुठे पडला ते पाहावे. पुढे असेल तर रेडिएटर किंवा खालचा होज पाईप. पट्ट्याच्या बाजूला असेल तर पंप. पंपाच्या दांड्याखाली एक बारीक भोक असते. तेथून थेंब येत असेल तर आतले सील गेले. काही मिस्त्री ते भोकच बुजवतात. हा शुद्ध अडाणीपणा आहे, कारण मग पाणी बेअरिंगमध्ये शिरते. आत पायाखालचा गालिचा ओला असेल तर हीटरची जाळी गळते. एसीचे पाणी मात्र स्वच्छ असते, त्याची चिंता नको. कूलंट सांडले असेल तर लगेच धुवावे. त्याची चव गोड पण ते विषारी आहे. घरात मुले व दारात बकऱ्या असतात.

बाहेर कुठेच गळती नसेल आणि पाणी तरी कमी होत असेल तर हेडच्या पॅकिंगवर संशय घ्यावा. थंड गाडी झाकण काढून चालू करावी व पाण्यात सतत बुडबुडे येतात का ते पाहावे. ऑईल दुधाच्या चहासारखे दिसले किंवा इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर गाडी तेथेच उभी करावी.

पाणी पुरे असून गाडी तापते तेव्हा ती कधी तापते हे महत्त्वाचे. बाजाराच्या गर्दीत तापते, मोकळ्या रस्त्यावर नाही, तर दोष पंख्याचा. त्याला बॅटरीवरून थेट करंट द्यावा. फिरला तर मोटार ठीक आहे; स्विच, फ्यूज व वायर पाहावी. उलट घाटातच तापते आणि उभी असताना नाही, तर रेडिएटर आतून बुजलेला असतो किंवा थर्मोस्टॅट पुरता उघडत नाही. थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यासह गॅसवर ठेवावा. साधारण ८२ अंशांना तो उघडू लागतो, म्हणजे पाणी उकळण्याच्या बरेच आधी. आपल्याकडे तो काढून फेकण्याचीच पद्धत पडली आहे. त्याने इंजिन थंड राहते, पेट्रोल जास्त पिते आणि खरा रोग झाकला जातो.

रेडिएटर बुजण्याचे कारण आपल्या विहिरी-बोअरमध्ये आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले पाणी तर यासाठी मुळीच वापरू नये. डिस्टिल्ड पाणी व कूलंट निम्मे-निम्मे घालावे.

रस्त्यात काटा चढला तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. झाकण गरम असताना उघडू नये. वाफेने तोंड भाजते. अर्धा तास थांबून, जाड कापड धरून, हळूहळू सोडावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो. डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा लागला आणि काटाही चढला, तर पट्टा तुटला असे समजा. या गाडीत पंप त्याच पट्ट्यावर चालतो.

हेड उतरवायची वेळ आलीच तर ते सपाट आहे का हे पट्टी ठेवून तपासून घ्यावे. वाकलेले असेल तर मशीनवर घासून घ्यावे. जुने पॅकिंग पुन्हा बसवू देऊ नये, आणि मिस्त्रीने बदललेला सुटा भाग आपल्याजवळ मागून ठेवावा.