अनुदान, मृदसंधारण आणि धान्याचे भाव

पूर्णा तालुक्यातील शेतकरी धान्य पिकवितो, तसेच ते विकतही घेतो. खरीप ज्वारीची जागा सोयाबीनने घेतल्यापासून अनेक घरांत भाकरीची ज्वारी आणि गुरांचा कडबा बाजारातूनच आणावा लागतो. म्हणून धान्याच्या भावाचा प्रश्न विकणाऱ्याचा तितकाच घेणाऱ्याचाही आहे. सरकारी साहाय्याचा या भावांवर काय परिणाम होतो, हे प्रत्येक शेतकऱ्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

हे साहाय्य निरनिराळ्या मार्गांनी येते. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्यास २६६ रुपये ५० पैशांस मिळते व उत्पादनखर्चातील फरक सरकार सोसते. त्यामुळे लागवडीचा खर्च उतरतो, पीक वाढते आणि बाजारात आवक वाढली म्हणजे भाव नरम राहतात. अर्थात या अनुदानाचा काही लाभ धान्य विकत घेणाऱ्याच्या पदरात पडतो. मात्र स्वस्त म्हणून केवळ युरियाच टाकीत गेल्यास अन्नद्रव्यांचा समतोल बिघडतो, हेही विसरू नये.

दुसरा मार्ग आधारभूत किमतीचा. १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग व भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. २०२५-२६ च्या खरिपासाठी संकरित ज्वारीस क्विंटलला ३,६९९ रुपये व सोयाबीनला ५,३२८ रुपये अशी किंमत जाहीर झाली. ही किंमत भावाला खालून आधार देते; परंतु खरेदी केंद्रावर प्रत्यक्ष खरेदी होईल तेथेच तो आधार खरा ठरतो.

तिसरा मार्ग मृदसंधारणाचा होय. अमेरिकेत १९८५ च्या कायद्यान्वये धूप होणारी जमीन दहा ते पंधरा वर्षे लागवडीबाहेर ठेवून तीवर गवत अथवा झाडे लावणाऱ्या शेतकऱ्यास दरवर्षी मोबदला दिला जातो. तेथे जमीन पिकाखालून निघाल्याने आवक घटते व भाव चढण्याकडे कल राहतो. आपल्याकडील बांधबंदिस्ती याच्या उलट आहे. ती जमीन पडीक ठेवीत नाही, पिकाखाली टिकविते. म्हणून ती भाव चढवीत नाही, तर अवर्षणात त्यांना आवर घालते.

एका हिशेबाने हे स्पष्ट होईल. समजा, एका एकरास १२,००० रुपये खर्च आला व ६ क्विंटल ज्वारी झाली, तर क्विंटलला २,००० रुपये पडले. पावसाने ओढ दिली व पीक ३ क्विंटलांवर आले, तर तोच खर्च ४,००० रुपये होतो. अनुदानाने खर्चात १,००० रुपयांची बचत झाली असल्यास तो सुमारे ३,६६७ रुपयांवर येईल. परंतु अनुदान नसतानाही शेतात मुरलेल्या ओलीने ४ क्विंटल पीक हाती लागले, तर तो ३,००० रुपयांवरच थांबेल. अनुदान खर्च कमी करते. मृदसंधारण पीक वाचविते. टंचाईच्या वर्षी दुसऱ्याचे मोल अधिक.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने हे अनुभवले. त्या काळी सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ च्या कायद्याने कायम स्वरूप मिळाले. तिच्यातून मजुरांना काम मिळाले आणि बांध, पाझर तलाव व नाला बांधही उभे राहिले.

पूर्णा व गोदावरी या नद्यांकाठच्या भारी काळ्या जमिनीत मात्र बांध घालताना सावधगिरी हवी. ही जमीन पाणी सावकाश मुरविते. सपाट समपातळी बांधाआड पाणी तुंबून पीक पिवळे पडते. अशा ठिकाणी जादा पाणी हळूहळू बाहेर काढणारे ढाळीचे बांध व गवत लावलेली पाणवाट करावी. पेरणी उताराला आडवी करावी. सोयाबीनसाठी रुंद वरंबा व सरी पद्धत अवलंबावी. तिने अतिवृष्टीत निचरा होतो व उघडीप पडल्यास सरीतील ओल पिकाच्या कामी येते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात योजनांची माहिती देताना केवळ अनुदानाची रक्कम सांगून थांबू नये. कोणत्या शेतातून माती वाहून जाते, हे पावसाळ्यात शेतकऱ्यांसह शिवारात फिरून पाहावे. वरच्या शेतातील पाणी खालच्या शेतात उतरते, म्हणून शेजाऱ्यांनी मिळून आखणी करावी. फुटलेले बांध पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करावेत. अनुदानाची रक्कम दरवर्षी नव्याने ठरते. बांधाने अडविलेली माती मात्र पुढील पिढीच्याही उपयोगी पडते.