सुईचे टोक आणि श्वासाची आज्ञा

यकृतातील १ सेंटिमीटर व्यासाच्या गाठीचा नमुना सुईने काढावयाचा असल्यास सुईचे टोक नेमके त्या गाठीतच पोहोचले पाहिजे. ते शेजारी गेले, तर हाती निरोगी ऊतक येते आणि परीक्षक ‘विकृती आढळली नाही’ असा अभिप्राय लिहितो. हे विधान नमुन्याविषयी खरे, परंतु रोग्याविषयी खोटे ठरते.

सी. टी. चित्रात गाठ स्पष्ट दिसत असताही असे का व्हावे? याची दोन कारणे विशेष ध्यानात घेण्याजोगी आहेत. पहिले सुईच्या घडणीत आहे. तिचे टोक एका बाजूने तिरपे कापलेले असते. ऊतकात शिरताना त्या उतारावर एकाच बाजूने दाब पडतो व बारीक सुई उताराच्या विरुद्ध दिशेस वाकते. मार्गात सुई स्वतःभोवती अर्धा फेरा फिरविल्यास हा कल पुष्कळसा भरून निघतो.

दुसरे कारण असे की, चित्र एका क्षणाचे असते आणि सुई दुसऱ्या क्षणी शिरते. श्वास घेताना मध्यपटल यकृतास खाली ढकलते. साध्या श्वासोच्छ्वासातही हे सरकणे १ ते २ सेंटिमीटर, म्हणजे गाठीच्या व्यासाएवढे वा त्याहून अधिक, असू शकते. सोनोग्राफीत सुई व अवयव एकाच वेळी दिसत असल्याने या हालचालीवर नजर ठेवता येते, सी. टी.च्या स्थिर चित्रात मात्र दोन्ही वेळी श्वास एकाच स्थितीत थांबविणे अगत्याचे होते.

येथे प्रश्न भाषेच्या प्रांतात येतो. ‘श्वास रोखा’ या आज्ञेत तो केव्हा रोखावयाचा, हे सांगितलेलेच नाही. ती ऐकून कोणी छाती भरून घेतो, तर कोणी आहे त्या स्थितीत थांबतो. ‘दम धरा’ म्हणावे, तर त्याचा रूढ अर्थ ‘धीर धरा’ असा आहे. सहज उच्छ्वासाच्या अखेरीस यकृत बहुधा त्याच जागी परत येते. म्हणून ‘नेहमीसारखा श्वास घ्या, हळूच सोडा, आता थांबा’ अशी क्रमवार वाक्ये योजावीत, रोग्याकडून ती आधी गिरवून घ्यावीत, आणि चित्र घेताना व सुई घालताना शब्द तेच ठेवावेत. शास्त्रीय परिभाषेची चर्चा आपण पुष्कळ करतो. रोग्याच्या कानी पडणाऱ्या या तीन वाक्यांचाही तितक्याच काटेकोरपणे विचार व्हावयास हवा.