नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे

ठाण्यात खोपटच्या इमारतींना नळाने येणारे पाणी नदीचे असते आणि ते शुद्धीकरण केंद्रातून आलेले असते. याच जिल्ह्यातल्या शहापूर, मुरबाडचे अनेक पाडे मात्र विहिरी आणि हातपंपांवर जगतात. तिथे पाण्याची राखण विहिरीच्या काठावरच करावी लागते आणि नेमके तिथेच काही गैरसमज आड येतात.

जमिनीतून झिरपताना पाणी गाळले जाते, म्हणून विहिरीचे पाणी शुद्धच असते, हा त्यांतला सर्वांत जुना. वाळूच्या थरांत हे बऱ्याच अंशी खरे आहे. ठाणे जिल्ह्याचा बहुतेक भाग मात्र बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा आहे. इथे पाणी मुरमात आणि कातळाच्या भेगांत साठते, आणि भेगांतून वाहणारे पाणी फारसे गाळले जात नाही. शोषखड्डा, उकिरडा किंवा गोठा वरच्या अंगाला असला, तर पावसाबरोबर घाण विहिरीत उतरते. त्यामुळे खड्ड्याचे अंतर फुटांत मोजून भागत नाही. जमिनीचा उतार आणि मुरमाची जाडीही पाहावी लागते. बोअरचेही तेच. ती कितीही खोल असली, तरी केसिंगभोवतीची फट बुजवलेली नसेल आणि हातपंपाचा ओटा फुटलेला असेल, तर सांडपाणी त्याच वाटेने खाली जाते.

टीडीएस मीटरवर आकडा कमी आला की पाणी चांगले, हा अलीकडचा समज. हे मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. जंतू त्याला दिसत नाहीत. भारतीय मानक 10500 नुसार टीडीएस लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतो. ई-कोलाय जंतू मात्र 100 मिलिलिटर पाण्यात एकही आढळता कामा नये. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढते.

जंतू मारण्यासाठी विहिरीत टाकायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरबद्दलची नाराजी तिच्या वासामुळे असते, पण बऱ्याचदा दोष टाकण्याच्या पद्धतीत असतो. कोरडी पावडर विहिरीत फेकणे चूक. 33 टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर 1000 लिटरला साधारण 5 ग्रॅम घ्यावी, बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी विहिरीत सोडावी. अर्ध्या तासाने क्लोरीन तपासणाऱ्या ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीत पाण्याला पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आलाच नाही, तर ते पाणी प्यायला देऊ नये.

एकदा तपासलेले पाणी कायमचे चांगले, असेही धरले जाते. पावसाळ्यात पाण्याची प्रत बदलते, म्हणून जंतूंची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, तर रासायनिक तपासणी किमान एकदा व्हायला हवी. स्रोताच्या परिसराची पाहणीही वर्षातून दोनदा होते आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे आणि शेवटचा अहवाल कधीचा, हे प्रत्येकाने ग्रामसभेत विचारावे.